आधी घोटे, मग चेहरा

प्रिय,

तुझ्या स्टॉप-मोशन फिल्मसाठी, म्हणजे बाहुली जराजराशी हलवत एकेक फोटो काढून करायच्या फिल्मसाठी, केलेल्या बाहुलीचे फोटो पाहिले. चेहरा देखणा झालाय, पापण्यांवर बऱ्याच रात्री गेलेल्या दिसतात. पण मला बघायचे होते तिचे घोटे, आणि नेमके तेच एकाही फोटोत नाहीत. चालताना एक पाय उचलला की सगळा भार दुसऱ्या घोट्यावर येतो. तो जरासा कलला तरी पडद्यावर बाई झिंगल्यासारखी दिसते. म्हणून तळपायात नट बसव, सेटच्या फळीला भोक पाड आणि पाय खालून स्क्रूने आवळ. पातळ लोखंडी पत्रा आणि खाली ताकदवान चुंबक, एवढ्यावरही भागतं. पण धावणं-उडी असेल तर स्क्रूच बरा.

सांगाड्याला अ‍ॅल्युमिनियमची तार दोन-तीन पदर पिळून घेतलीस ते चांगलं केलंस. तरी ती तुटणारच. धातू एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवला की कडक होत जातो आणि एक दिवस, ऐन शॉटमध्ये, कट्‌कन मोडतो. त्यामुळे हातपाय धडाला कायमचे चिकटवू नकोस. धडात चौकोनी पितळी नळीचा तुकडा बसव आणि हाताच्या टोकाला तिच्यात घट्ट जाईल असा बारीक तुकडा. नळी चौकोनीच घे, गोल नळीत हात गरगर फिरतो. पंज्यांच्या जास्तीच्या जोड्याही आत्ताच करून ठेव. सगळ्यात आधी बोटं जातात.

आता तुझी दहा मिनिटांची गोष्ट. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 24 फोटो. एकेक पोझ दोन-दोन फ्रेम धरली तरी सेकंदाला 12 पोझ, म्हणजे दहा मिनिटांना 7200. दोन मिनिटांवर आण, 1440 मध्ये सुटशील. (कथा सुधारेलही, माझ्या मते. मधला आजोबांचा भाग नाहीतरी सैल आहे.)

कॅमेऱ्यातलं ऑटो म्हणून जे काही आहे ते सगळं बंद: फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स. नव्या लेन्सचं उजेड आत सोडणारं छिद्र दर क्लिकला किंचित वेगळं मिटतं आणि पडद्यावर उजेड लुकलुकतो. छिद्राची कडी हाताने फिरवायची जुनी लेन्स मिळाली तर ती लाव. खिडक्या झाक, कपडे गडद घाल. पांढऱ्या शर्टावरून परतलेला उजेडही फ्रेममध्ये येतो.

मातीवरचे बोटांचे ठसे कसे घालवायचे, असं विचारलं आहेस. कशाला घालवायचे? 1933 च्या ‘किंग काँग’मधल्या माकडाच्या अंगावर सशाचे केस होते. दर फ्रेमला हात लागून ते विस्कटायचे, म्हणून पडद्यावर त्याची लव सारखी सळसळते आणि ते जनावर जिवंत वाटतं. चेहऱ्यावर मात्र जप. बोलणाऱ्या गालावर ठसा नाचायला लागला की प्रेक्षकाचं वाक्याकडे लक्षच राहत नाही.

प्रदर्शनाबद्दल मी जरा हट्टी आहे. शूटिंग संपल्यावर बाहुलीची डागडुजी करून, नवे कपडे शिवून तिला काचेत उभं करायची इच्छा होईल. करू नकोस. झिजलेली कोपरं, गुडघ्यातून डोकावणारी तार, बदललेल्या पंज्यांचा डबा, हेच लोकांना बघायचं असतं. सेट अशा उंचीवर मांड की समोर उभ्या माणसाचा डोळा कॅमेऱ्याच्या जागी येईल, आणि एक बाजू उघडी सोड म्हणजे वाकल्यावर खालचे स्क्रू दिसतील. फिल्म शेजारीच छोट्या पडद्यावर फिरती ठेव, आवाज हेडफोनमध्ये. दिवसभर तेच संगीत ऐकून प्रदर्शन सांभाळणारी माणसं वैतागतात. मुलं हात लावणारच, तेव्हा एखादा जास्तीचा हात वाकवून बघायला मोकळा ठेव.

दिवे एलईडीचे घे, तापणाऱ्या दिव्याखाली प्लॅस्टिसिन, म्हणजे बाहुलीची तेलकट माती, मऊ पडतं. त्यातलं तेलही झिरपतं, म्हणून बाहुलीखालच्या लाकडी बैठकीवर काच घाल, नाहीतर लाकडावर डाग कायमचा. फोम लेटेक्स (स्पंजासारखं मऊ रबर) वापरलंस तर ते काही वर्षांनी भुगा होणार हे धरून चाल. काँगचंही कातडं गेलं, मागे उरला तो धातूचा सांगाडा. फिरत्या तबकडीवर बाहुल्या मांडून झपाझप उघडझाप करणाऱ्या दिव्याने त्या हलत्या भासवायची तुझी कल्पना मला आवडली. पण तशा दिव्याने काहींना अपस्माराचा झटका येऊ शकतो, म्हणून सूचना दालनाबाहेरच लाव, आत शिरल्यावर नव्हे.

कोणी बाहुली विकत मागितली तर फिल्म महोत्सवांतून फिरून येईपर्यंत देऊ नकोस. फिल्मबरोबर बाहुलीही मांडायला मागू शकतात. तोवर सेटवरच्या खुर्च्या, भांडी, जास्तीचे पंजे खुशाल विक. मागच्या बाजूला सही आणि साल मात्र घाल.

तुझी,
ताई