स्वरतंतूवर सिस्ट निघाली आहे. मी भजनी मंडळात गाते. ऑपरेशननंतर आवाज पहिल्यासारखा होतो का? किती दिवस गप्प बसावं लागतं?

माझा झाला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण ऑपरेशनपेक्षा जास्त त्रास मला आजूबाजूच्या माणसांनी दिला.

हजेरी घेताना पंचविसाव्या नंबरापर्यंत नावं नीट यायची, मग आवाज चिरकायचा आणि शेवटी नुसती हवा. ज्येष्ठमध, मीठ-हळदीच्या गुळण्या, वर्षभर सगळं केलं. एका डॉक्टरांनी आरशाने बघून सांगितलं, दोन्हीकडे नोड्यूल आहेत, म्हणजे आवाज ताणून तंतूंवर पडलेले घट्टे, शिक्षकांना होतातच. शेवटी पुण्याला स्ट्रोबोस्कोपी केली, म्हणजे लुकलुकत्या उजेडात कॅमेऱ्याने तंतूंची थरथर संथ करून बघायची तपासणी. स्क्रीनवर उजव्या तंतूवरून पाण्यासारखी लाट सरकत होती. डावा मधोमध ताठ, आणि त्याच्या कातडीखाली तांदळाच्या कणीएवढा पिवळट दाणा. उजवीकडचा फुगवटा त्या दाण्याच्या घासण्याने आलेला. नोड्यूल बहुतेक वेळा व्हॉइस थेरपीने, म्हणजे आवाजाच्या व्यायामांनीच जिरतात. सिस्टला स्वतःची पिशवी असते, ती गुळण्यांनी जात नाही. स्ट्रोबोस्कोपी न करताच कोणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर सरळ उठून या.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन तोंडातून होतं, गळ्यावर टाका नाही. मायक्रोस्कोपखाली तंतूच्या वरच्या बाजूला बारीक छेद घेतात, पिशवी न फोडता अख्खी सोडवून काढतात आणि कातडी परत बसवतात. पिशवीचा तुकडा राहिला तर सिस्ट पुन्हा भरू शकते. खालच्या थराला धक्का लागला तर वण पडतो आणि आवाज घोगरा राहतो. माझ्या दिरांनी ‘साउंड ऑफ म्युझिक’ सिनेमातल्या गायिका-अभिनेत्री ज्युली अँड्र्यूज यांचा दाखला दिला होता, १९९७ च्या ऑपरेशननंतर त्यांचं गाणं गेलं म्हणून. धोका आहेच. म्हणूनच आवाजाची ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन शोधायचा. पण ऑपरेशन टाळून मी वर्ग कसा घेणार होते?

मला सात दिवस पूर्ण मौन होतं, पुढे दिवसाला पाच-पाच मिनिटंच बोलायचं. नवव्या दिवशी मुख्याध्यापकांचा फोन आला. नवऱ्याने स्पीकरवर टाकला. “हातपाय तर धड आहेत ना? बाईंना म्हणावं, येऊन बसा, कुजबुजत शिकवा.” वर नवराही म्हणाला, जाऊन ये दोन तास, संबंध कशाला बिघडवायचे. मी पाटीवर ‘नाही’ लिहिलं आणि त्याच्यासमोर धरली. पेन्सिल इतकी दाबली होती की तुटली.

कुजबुजणं म्हणजे विश्रांती नाही. त्यातही गळा आवळतो, ताण पडतो. पाय मोडला असता तर कोणी म्हणालं नसतं, लंगडत या. आवाज दिसत नाही, म्हणून तो आजारच नाही असं लोक धरून चालतात, आणि बाईचा असेल तर लाड म्हणतात. सहा आठवड्यांनी मी हजर झाले, तेव्हा तेच साहेब म्हणाले, “बोलताय की चांगलं, मग एवढी रजा कशाला?” तेव्हा मी गप्प बसले. आज सांगते: बोलत होते ती त्या रजेमुळेच.

नोकरी असेल तर सर्टिफिकेटवर नुसतं ‘विश्रांती’ लिहून घेऊ नका. ‘बोलण्यास मनाई’ असे शब्द आणि तारखा लिहून घ्या. ऑफिसात आवक नंबर टाकून पोच घ्या. घरातल्यांना आधीच्या भेटीत डॉक्टरांसमोर बसवा.

हो, राहिलंच. भूल देण्याआधी हलणारा दात असेल तर सांगा, तोंडात लोखंडी नळी बसवतात. माझी जीभ त्या दाबाने दोन आठवडे बधीर होती. काढलेली गाठ तपासायला पाठवतात, तो रिपोर्ट मागून घ्या. आणि मौनाचे दिवस सर्जनप्रमाणे कमी-जास्त असतात, माझे सात तुम्हाला लागू धरू नका. तुम्ही गाता, तर बोलणं आधी सुटेल, वरचे सूर यायला काही महिने लागू शकतात. थेरपिस्ट हो म्हणेपर्यंत मंडळात टाळ वाजवा.