दातांच्या उपचारांचा खर्च आणि ‘बिनव्याजी’ हप्ते

प्रश्न : माझ्या ६७ वर्षांच्या आईच्या दोन दाढांचे रूट कॅनाल व कॅप, तसेच तीन दात काढून त्या जागी इम्प्लांट, यासाठी दवाखान्याने १,२०,००० रुपये खर्च सांगितला असून बारा बिनव्याजी हप्त्यांची सोय देऊ केली आहे. आईचा आरोग्य विमा नाही. हप्ते घ्यावेत, की आधी विमा काढावा?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : केवळ या उपचारांसाठी विमा काढण्यात अर्थ नाही. सर्वसाधारण आरोग्य विम्यात दातांचा खर्च सहसा अपघातामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले तरच मिळतो.

हप्त्यांचा विचार मात्र सावधपणे करावा. ही सोय बहुधा एखाद्या वित्तसंस्थेने आपल्या नावे दिलेले कर्ज असते. ती संस्था दवाखान्याला पैसे आधीच चुकते करते, त्यामुळे उपचार मध्येच थांबले किंवा डॉक्टर बदलावासा वाटला, तरी हप्ते सुरूच राहतात. एकरकमी पैसे दिल्यास किती सूट मिळेल, हे दवाखान्यात अवश्य विचारा. समजा, तेच काम १,१०,००० रुपयांत होणार असेल, तर दरमहा १०,००० रुपयांच्या ‘बिनव्याजी’ हप्त्यांवर, मुद्दल दरमहा कमी होत जात असल्याने, आपण प्रत्यक्षात वार्षिक सुमारे १६ टक्के व्याज भरत असता. प्रक्रिया शुल्क वेगळे. आपण नोकरदारांच्या पतसंस्थेचे सभासद असाल, तर तिथला दर आधी पाहावा. अनेकदा तो याहून कमी असतो.

मुळात सगळे काम एकदम करण्याची गरज आहे का, हे डॉक्टरांकडून लेखी घ्यावे. दुखणाऱ्या दाढा थांबू शकत नाहीत. पण दात काढल्यावर हिरडी व हाड भरून येण्यासाठी बहुधा काही महिने जाऊ द्यावे लागतात, आणि तेवढ्या अवधीत पुढची रक्कम साठवता येते. इम्प्लांटऐवजी ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने पक्के बसवलेले कृत्रिम दात) किंवा काढता-घालता येणारी कवळी चालेल का, हेही विचारावे. कवळी बरीच स्वस्त पडते.

आपण कल्याणला राहता, म्हणून आणखी एक मार्ग सुचवतो. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालयात आणि मुंबई सेंट्रलच्या महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात खासगी दवाखान्यांच्या तुलनेत फार कमी शुल्कात उपचार होतात. तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खेपा अधिक होतात, रांगही असते, आणि आईंच्या वयाला तो लोकलचा प्रवास कितपत झेपेल, हे आपणच ठरवू शकाल. निदान रूट कॅनालसाठी चौकशी करायला हरकत नाही.

आपण जुन्या करप्रणालीत असाल, तर विमा नसलेल्या ज्येष्ठ नागरिक आईच्या उपचारांवर आपण केलेल्या खर्चाची, ८०डी या नावाने परिचित असलेली, वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतची वजावट मिळू शकते. मात्र पैसे रोख दिलेले नसावेत. त्यामुळे रूट कॅनाल ३१ मार्चपूर्वी व बाकीचे काम एप्रिलनंतर केल्यास दोन्ही आर्थिक वर्षांत ही वजावट घेता येईल.