शंका आणि समाधान : गाडी ‘मेकअप’ करते म्हणजे काय?

प्रश्न : माझे यजमान भुसावळला रेल्वेत गार्ड होते. मनमाडहून गाडी उशिरा सुटली की ‘जळगावपर्यंत मेकअप करील’ असे ते सहज म्हणत. परवा नववीतल्या नातीच्या गृहपाठात ‘द ड्रायव्हर मेड अप ट्वेंटी मिनिट्स बिफोर भुसावळ’ असे वाक्य आले. तिने शब्दकोश उघडला, त्यात रचणे, समेट करणे, नटणे, भरपाई करणे असे अर्थ एकाखाली एक दिलेले. तिने पहिलाच उचलला आणि ‘चालकाने भुसावळच्या आधी वीस मिनिटे रचली’ असे लिहून मोकळी झाली. एकाच शब्दजोडीचा नेमका अर्थ कसा ओळखावा, आणि ‘मेक अप’ व ‘मेक अप फॉर’ यांत फरक काय? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपल्या यजमानांचा अर्थ अचूक आहे, आणि नातीची चूकही तशी समजण्यासारखी आहे. इंग्रजी शिकणाऱ्याला ‘मेक अप’ जसा चकवतो, तसाच मराठी शिकणाऱ्याला आपला ‘काढणे’ चकवत असणार. आपण फोटो काढतो, कर्ज काढतो, खोडी काढतो, समजूत काढतो आणि पावसाळ्यात छत गळत असताना कसेबसे दिवसही काढतो. तरी आपला गोंधळ होत नाही, कारण आपले लक्ष क्रियापदापेक्षा त्याच्या कर्माकडे असते. ‘मेक अप’च्या बाबतीतही कर्मच पाहावे. कर्म गोष्ट किंवा सबब असेल तर रचणे, ‘माइंड’ असेल तर निश्चय करणे, आणि वेळ, पैसा किंवा तूट असेल तर भरून काढणे. भांडण झालेली दोन माणसे कर्ता असतील आणि कर्मच नसेल, तर त्यांचा समेट झाला असे समजावे.

वेळेचा अर्थ रेल्वेवाल्यांना इतका जवळचा का, हेही पाहण्यासारखे आहे. अनेक गाड्यांच्या वेळापत्रकात मोठ्या स्थानकाच्या अलीकडच्या टप्प्याला प्रत्यक्ष लागतात त्यापेक्षा काही मिनिटे जास्त दिलेली असतात. त्यामुळे आधी रखडलेली गाडी मार्ग मोकळा मिळाला की तेवढा उशीर कमी करून पोहोचू शकते, आणि फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र चालकाने वीस मिनिटे खरोखरच कुठून तरी पैदा केली असे वाटते! म्हणून नातीने ‘चालकाने भुसावळ येईपर्यंत वीस मिनिटांचा उशीर भरून काढला’ असे लिहावे.

आता ‘फॉर’विषयी. ‘मेक अप’मध्ये बहुधा जे कमी पडले तेच पुरे केले जाते : वेळेची तूट वेळेने, रकमेची तूट रकमेने. ‘मेक अप फॉर’मध्ये एका गोष्टीची उणीव पुष्कळदा दुसरीच गोष्ट भरून काढते. बोंडअळीने कापूस गेला, पण रब्बीत हरभरा चांगला आला, तर ‘द ग्रॅम मेड अप फॉर द कॉटन’ असे म्हणावे. इथे ‘फॉर’ गाळला तर वाक्य बिघडते. सीमारेषा मात्र फार कडक नाही. ‘मेक अप लॉस्ट टाइम’ आणि ‘मेक अप फॉर लॉस्ट टाइम’ ही दोन्ही रूपे रूढ आहेत. पैकी दुसऱ्यात इतक्या वर्षांत जे करायचे राहिले ते आता हौसेने करण्याची छटाही येते. सर्वनाम आले तर ते मध्येच बसते : ‘मेड इट अप’ बरोबर, ‘मेड अप इट’ चूक.

एका बारीक शब्दाने केवढा घोटाळा होतो पाहा. १९०६ साली खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. म्हणून आज ‘खान्देश इज मेड अप ऑफ थ्री डिस्ट्रिक्ट्स’ असे लिहिता येते. त्यातला ‘ऑफ’ आणि पुढचे शब्द गळून ‘खान्देश इज मेड अप’ एवढेच उरले, तर खान्देश नावाचा प्रदेश कुणीतरी मनाने रचलेला आहे, असा त्याचा अर्थ होईल, आणि ते आपल्यापैकी कुणालाच रुचणार नाही.

राहता राहिला आपल्या घरातला ‘मेकअप’. बोलण्यात तो खुशाल असू द्यावा, पण नातीने उत्तरपत्रिकेत ‘द ट्रेन मेड अप द टाइम’ असेच लिहावे. ‘द ट्रेन डिड मेकअप’ असे लिहिले, तर गाडी पावडर लावून फलाटावर आली, असे परीक्षकाला वाटेल.