वुडहाऊसच्या ब्लँडिंग्ज कथांपैकी पहिली कोणती वाचावी?

इंग्रज विनोदी लेखक वुडहाऊसच्या जीव्ह्ज या हुशार नोकराच्या कथा वाचून झाल्या, आता दोन महायुद्धांमधल्या इंग्लंडमधल्या खेड्यांतल्या उमरावांवरच्या विनोदी कथा हव्यात, तर १९३५ चा 'ब्लँडिंग्ज कॅसल' हा संग्रह घ्या. त्यातल्या पहिल्या सहा कथा इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातल्या ब्लँडिंग्ज या उमरावी वाड्यातल्या आहेत.

सुरुवात 'पिग-हूऽऽई' या कथेने करा. लॉर्ड एम्सवर्थ हा विसरभोळा म्हातारा. वाड्यात त्याचं कोणी ऐकत नाही, बहीण कॉन्स्टन्स तर त्याला चळाचळा कापायला लावते. त्याचा सगळा जीव डुकरिणीत! तिला सांभाळणारा गडी दारू पिऊन १४ दिवस तुरुंगात जातो आणि ही बया अन्नाला तोंड लावेना. कृषी प्रदर्शनातली लठ्ठ डुकरांची स्पर्धा तर तोंडावर आलेली. तेवढ्यात भाचीचं लग्न मोडतं, सगळं घर हवालदिल. पण मालकांना चिंता फक्त डुकरिणीची. अमेरिकेत राबून आलेला एक तरुण तिला जेवायला बोलावण्याची खास आरोळी शिकवतो आणि मग मालक, भाची, बटलर सगळे त्या खुराड्यापाशी कोकलत उभे! मी ही कथा लोकलमध्ये वाचली, ती चूक झाली. शेजारचे बघायला लागले.

नंतर 'लॉर्ड एम्सवर्थ अँड द गर्ल फ्रेंड' वाचा. लंडनहून सहलीला आलेल्या एका गरीब पोरीसाठी हा भित्रा मालक चक्क स्वतःच्या माळ्यासमोर ताठ उभा राहतो. माझ्या मते संग्रहातली सर्वांत चांगली कथा हीच.

साकी या इंग्रज कथालेखकाचं नाव कोणी सुचवेल. तोही झकास, पण तो १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातच गेला, त्यामुळे दोन महायुद्धांमधल्या काळात बसत नाही.