दूरचा सिरियल पोर्ट लिनक्सवर लोकल पोर्टसारखा कसा वापरायचा?

तुमची अडचण मला समजली ती अशी: पंपहाऊसमधल्या रास्पबेरी पायला (छोटा संगणक, पुढे नुसता 'पाय') यूएसबी-आरएस४८५ कन्व्हर्टर (आरएस४८५ ही लांबवर चालणारी सिरियल वायरिंग) आणि त्यावर मीटर. ऑफिसच्या उबुंटू मशीनवरच्या जुन्या प्रोग्रॅमला हा पोर्ट जवळचाच वाटायला हवा. सोकॅटने (दोन टोकांमध्ये बाइट वाहणारा प्रोग्रॅम) पोर्ट दिसू लागला, पण ऑफिसातून बॉड रेट (सिरियलचा वेग) बदलला तरी पलीकडे काही फरक पडत नाही.

पडणारही नाही. सोकॅट ऑफिसच्या बाजूला जो पोर्ट उभा करतो तो पीटीवाय (सॉफ्टवेअरमधला खोटा पोर्ट), म्हणजे नुसतं सोंग. प्रोग्रॅमने १९२०० मागितले की तो मुकाट्याने आकडा नोंदवून घेतो, बस्स. टीसीपीवरून जातात ते फक्त बाइट. पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) तर लिनक्स पीटीवायवर ठेवतच नाही, आणि डीटीआर-आरटीएस या कंट्रोल लाइन हलवायला गेलात तर सरळ एरर येतो.

म्हणून आधी एवढं ठरवा: बॉड रेट चालू कामात खरंच बदलावा लागतो का? बहुतेक मीटरना नाही. मग तो पायवरच कायमचा बसवा. सिरियल पोर्ट नेटवर्कवर देणारा सर-टू-नेट टाका, चौथ्या आवृत्तीपासून त्याची सेटिंग वायएएमएल या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. कनेक्टरच्या ओळीत सिरियलडेव्ह, पोर्टचा पथ, ९६००एन८१ आणि लोकल (एन म्हणजे पॅरिटी नाही; मीटर इव्हन पॅरिटीचा असेल तर एनच्या जागी ई), अ‍ॅक्सेप्टरच्या ओळीत टीसीपी आणि पोर्ट नंबर. ऑफिसात सोकॅट आहे तसाच राहू द्या.

बदलावाच लागत असेल तर आरएफसी २२१७ लागेल. टेलनेट या जुन्या नेटवर्क भाषेचा १९९७ सालचा हा विस्तार बॉड, पॅरिटी आणि कंट्रोल लाइन याच कनेक्शनवरून पाठवतो. सर-टू-नेटमध्ये अ‍ॅक्सेप्टरला टेलनेट लिहून त्याच्या कंसात आरएफसी२२१७ टाकायचं. मात्र मग ऑफिसच्या बाजूलाही ही भाषा कळणारं कुणीतरी हवं. प्रोग्रॅम पायथॉनमधला असेल तर त्याच्या पायसिरियल लायब्ररीला आरएफसी२२१७ने सुरू होणारा पत्ता देता येतो. तसा नसेल तर टीटीवायएनव्हीटी वापरा, तो खराखुरा वाटावा असा टीटीवाय (लिनक्समधला सिरियल पोर्ट) तयार करतो. सोकॅट इथे चालत नाही. त्याला टेलनेट कळत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या वाटाघाटीचे बाइट तुमच्या डेटात घुसतात, आणि डेटात २५५ हा बाइट आला की टेलनेट तो दोनदा पाठवतो. चाचणीत सगळं ठीक वाटतं आणि मधूनच एखाद्या फ्रेमचा (संदेशाचा) सीआरसी, म्हणजे तपासणीचा आकडा, चुकतो. असला दोष शोधताना माणूस वायरिंगलाच शिव्या घालत बसतो.

आता मीटर मॉडबस आरटीयूचे (मीटर-पंपांची सिरियलवरची भाषा) असतील, आणि आरएस४८५ म्हटल्यावर मला तीच शंका आहे, तर माझं मत वेगळं आहे: सिरियल पोर्ट दूर नेऊच नका. आरटीयूमध्ये फ्रेम संपली हे साडेतीन अक्षरांच्या शांततेवरून ओळखतात. ९६०० बॉडला ती जेमतेम ४ मिलिसेकंद. टीसीपी ती शांतता पोचवत नाही. एक फ्रेम दोन तुकड्यांत आली की जुना प्रोग्रॅम ती टाकून देतो. टाइमआउट वाढवून काही वेळा निभावतं, पण मोबाइल डेटावर भरवसा नको. त्यापेक्षा पायवर एमबसडी हा प्रोग्रॅम चालवा. तो आरटीयूचं मॉडबस टीसीपी (तीच भाषा, नेटवर्कवरची) करून ५०२ पोर्टवर देतो, आणि वेळेचा सगळा हिशेब पायवरच राहतो. प्रोग्रॅममध्ये मॉडबस टीसीपीचा पर्याय आहे का ते एकदा नीट बघा, पुष्कळदा असतो.

पायवर पोर्टचं नाव टीटीवाययूएसबी०वर सोडू नका, केबल काढून लावली की आकडा बदलू शकतो. डेव्हच्या सिरियल फोल्डरमधला बाय-आयडी पथ द्या. सीएच३४० या चिपचे दोन सारखे कन्व्हर्टर असतील तर बाय-पाथ, कारण त्या चिपला सहसा वेगळा सिरियल नंबर नसतो. चाचणीसाठी असाच कन्व्हर्टर उबुंटू २२.०४ला लावलात आणि पोर्ट दिसून गायब झाला, तर बीआरएलटीटीवाय हा ब्रेलचा प्रोग्रॅम पाहा. ब्रेल डिस्प्ले समजून ते तो पोर्ट बळकावतं. पोर्ट उघडायच्या परवानगीसाठी तुमचा यूजर डेबियन-उबुंटूवर डायलआउट गटात हवा, आर्च लिनक्सवर यूयूसीपी गटात. फ्रीबीएसडी असेल तर टीटीवाययू० नाही, सीयूएयू० उघडायचा.

वर सांगितलेल्या सेटिंगमध्ये कशालाही कुलूप नाही. पोर्ट नंबर कळला की कुणीही पंपाशी बोलू शकतो. पायवर सर्व्हिस फक्त लोकलहोस्टवर ठेवा आणि ऑफिसातून एसएसएचच्या (सुरक्षित लॉगिन) एल पर्यायाने बोगदा काढा. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केला असेल तर तो आजच बंद करा.