पुठ्ठ्याची तोफ, चहातला नकाशा : चाच्यांच्या कॅम्पबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहिलं होतं की यंदा उन्हाळी कॅम्पला जुन्या जहाजांचा, समुद्री चाच्यांचा विषय घेऊन बघा, सामान सगळं घरीच बनवता येतं, आणि तेवढ्या एका ओळीवर पत्रं, व्हॉट्सॲप, फोटो असा नुसता ढीग आला. समुद्र बडोद्यापासून लांब असला म्हणून काय झालं, हौस जवळ आहे. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, कोणाचा राहिला असेल तर रागावू नका.

प्रश्न : ताई, आमच्या मंडळाचा मे महिन्यात तीन दिवसांचा निवासी कॅम्प आहे, मुलं तीसेक, आणि बजेट जेवणखाणातच संपतं. ऑनलाइन चाच्यांचे ड्रेस बघितले तर भाव बघूनच गप्प बसलो. सुरुवात कुठून करू? (दांडिया बाजार)

उत्तर : ते ड्रेस घेऊच नका. चमचमतं काळं पॉलिस्टर, वर खोटी दाढी, आणि बडोद्याचा मे, पोरं पहिल्या तासातच कपडे काढून बनियनवर येतील. आणि खरं सांगायचं तर चाचे असे दिसायचेच नाहीत. बहुतेक सगळे म्हणजे बेकार झालेले नाहीतर जहाजावरच्या जाचाला कंटाळून पळालेले साधे खलाशी, अंगावर सैल शर्ट, गुडघ्याच्या खालपर्यंत येणारी ढगळ विजार, गळ्यात रुमाल, बस. यातलं कितीतरी सुती कापड आपल्या इकडूनच युरोपात जायचं, चौकडीचं पण, आणि रॅकहॅम नावाच्या चाच्याला तर सुती कपडे घालायचा म्हणून लोक कॅलिको (म्हणजे सुती कापड) जॅकच म्हणायचे. तेव्हा बाबांचा जुना चौकडीचा शर्ट, बाह्या फाडून, कमरेला आईची जुनी ओढणी, झाला तुमचा चाचा, आणि विकतच्यापेक्षा जास्त खरा.

कप्तान मात्र नटवा चालेल. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स १७२२ मध्ये लढाईत मेला तेव्हा म्हणे अंगात किरमिजी जाकीट, टोपीत लाल पीस आणि गळ्यात हिऱ्यांचा क्रॉस होता. तुमच्याकडे कोणाचं तरी गरब्याचं लाल केडियू नवरात्रापासून कपाटात पडलेलं असेलच ना, तेच उलटं करून घाला, म्हणजे आरसे आत जातात.

सजावटीसाठी तीनच गोष्टी आणा : हाथीखान्यातून रिकामं बारदान, काथ्याची जाड दोरी आणि मांजरपाट. मांजरपाट कोरं लावू नका, आधी धुऊन खळ काढा, मग कडक चहाच्या पाण्यात रात्रभर टाका आणि पिळून तसंच चुरगळलेलं वाळवा, इस्त्री अजिबात नको. दोन बांबू, वर हे कापड, बाजूनी दोऱ्या सोडल्या की शीड तयार. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वस्तू जुनी दिसली पाहिजे, नव्या कोऱ्या वस्तूवर कितीही कवट्या काढा, ती वाढदिवसाची पार्टीच वाटते.

प्रश्न : मुलाला तलवार हवी आहे. थर्माकोलची केली तर स्प्रे मारल्यावर विरघळून गेली! (वाघोडिया रोड)

उत्तर : जाणारच. स्प्रे पेंटमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं, आधी फेविकॉल आणि कागदाचा थर दिला असता तर वाचली असती, पण तलवारीला थर्माकोल मुळातच नको, पहिल्या वारात दोन तुकडे.

फोम घ्या. मुलांच्या खोलीत त्या एकमेकांत अडकणाऱ्या रंगीत फोमच्या लाद्या असतात ना, त्याच. चाच्याची तलवार लांबलचक नसते, जहाजावर दाटीवाटीत, दोऱ्यांच्या जंजाळात फिरवायची म्हणून पातं साधारण दोन फुटांचं, रुंद, जरासं वाकडं आणि मुठीवर हात झाकणारी वाटी. हा आकार दोनदा कापा. मुठीपासून अर्ध्या पात्यापर्यंत मधे एक जुनी दांडिया ठेवा, तिला स्पंज गुंडाळा, पुढचं अर्धं पातं नुसतं फोमचं, टोक गोल. चिकटवायला चप्पलवाला वापरतो ते पिवळट सोल्युशन, दोन्ही बाजूंना लावून लगेच दाबायचं नाही, दहा मिनिटं वाळू द्यायचं, बोट लावल्यावर चिकट वाटेल पण बोटाला लागणार नाही अशा वेळी दाबायचं, मग सुटत नाही. हे काम गच्चीवर, वास डोक्यात जातो.

मग हीट गन फिरवा, फोमचा वरचा भाग किंचित चकाकायला लागला की थांबा, त्याची बारीक भोकं बंद झाली. हेअर ड्रायरनी होत नाही, तेवढा तापत नाही तो. त्यावर निम्मं पाणी घातलेल्या फेविकॉलचे दोन-तीन हात, वाळलं की आधी पूर्ण काळा रंग. हो, काळा, चंदेरी नाही. चंदेरी नंतर, ब्रश रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि मग पात्यावर हलकेच ओढायचा, म्हणजे रंग फक्त उंचवट्यांना आणि धारेला लागतो, खोबणीत काळं राहतं. शेवटी मुठीजवळ स्पंजच्या तुकड्यानी तपकिरी आणि थोडा केशरी टिपला की गंज. लांबून बघणाऱ्याला लोखंडच वाटतं.

नियम कॅम्पच्या पहिल्याच दिवशी सांगून टाका, खुपसायचं नाही आणि खांद्याच्या वर मारायचं नाही, कारण फोम असला तरी डोळा तो डोळा. घरातली शोभेची लोखंडी तलवार कोणी आणली तर सरळ परत पाठवा.

प्रश्न : तोफ बनवतोय. पीव्हीसी पाईप आहे. आत सुतळी बॉम्ब लावला तर आवाज खरा येईल का? (मकरपुरा, एक उत्साही बाबा)

उत्तर : बाबा, नाही! पीव्हीसी फुटलं की धारदार तुकडे उडतात, आणि आजूबाजूला तीस पोरं. औरंगजेबाचं 'गंज-इ-सवाई' जहाज १६९५ मध्ये सुरतेजवळ हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्यानी पकडलं त्या लढाईत जहाजावरची स्वतःचीच एक तोफ फुटली आणि घात झाला असं सांगतात, म्हणजे खऱ्या धातूच्या तोफेचं असं, तुमच्या ड्रेनेज पाईपचं काय. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर उडवून धूर दाखवायचा व्हिडिओ बघितला असेल तर तो पण विसरा, हवेत उडालेलं पीठ दिव्याजवळ भडकतं. आवाजाला तोफेच्या मागे ताशावाला बसवा, आरोळी ठोकली की एक ठोका, यासारखं काही नाही.

पाईपपेक्षा कापडाच्या दुकानातून ताग्यातली पुठ्ठ्याची नळी मागून आणा, फुकट देतात. तोफ तोंडाशी बारीक आणि मागे जाड असते, हे विसरलं की ती तोफ न वाटता पाईपच वाटतो. म्हणून मागच्या बाजूला वर्तमानपत्र गुंडाळत जा, मागे जास्त पट्ट्या, पुढे कमी, मग चार-पाच ठिकाणी सुतळीचे वेढे घट्ट, त्या झाल्या तोफेच्या कड्या. सगळ्यावर फेविकॉलमध्ये बुडवलेल्या कागदाचे दोन थर. आमच्या घरात पूर्वी टोपल्यांना कागदाच्या लगद्यात मेथी वाटून घालून लिंपायचे, किडा लागत नाही म्हणून, तसा लगदा केलात तर पावसाळ्यानंतर पण तोफ शाबूत राहील. तोफेच्या मागच्या टोकाला गोळा असतो, त्याला प्लॅस्टिकचा बॉल चिकटवा.

गाडा जहाजावरचा करा. किल्ल्यावरच्या किंवा मिरवणुकीतल्या तोफेला मोठी चाकं असतात, जहाजावरच्या गाड्याला चार बुटकी चाकं आणि बाजूच्या फळ्या पायऱ्यांसारख्या कापलेल्या. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा दोन-तीन पदरी चिकटवला की पुरतो. रंग काळा, मंद, अजिबात चमक नको. आपल्या बडोद्याला सोन्या-चांदीच्या तोफांचं कौतुक आहे मान्य, पण ते गायकवाडांनाच शोभतं.

प्रश्न : कान्होजी आंग्र्यांना इंग्रज पायरेट म्हणून हिणवत आले, आणि तुम्ही मराठी मुलांच्या हातात कवटीचा झेंडा देता? बरं दिसतं का हे? (निवृत्त शिक्षक, राजमहल रोड)

उत्तर : सर, मुद्दा एकदम मान्य. कान्होजी मराठी आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख होते, आपल्या पाण्यातून जायचं तर आमचं दस्तक, म्हणजे परवाना घ्या असं त्यांचं म्हणणं, इंग्रजांना ते घ्यायचं नव्हतं म्हणून ओरड. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून कुलाब्यावर चालून आले तरी काही करू शकले नाहीत. त्यामुळे आंग्र्यांच्या गटाला कवटी नकोच, भगवा झेंडा, गुराब आणि गलबत ही आपली जहाजं, आणि समोरच्या गटाला कवटी. कॅम्पला दोन बाजू लागतातच, खेळ रंगतो.

आणि दस्तक ही फार सुंदर वस्तू आहे बनवायला. चहात भिजवलेला जाड कागद, बोरूनी लिहिलेला मजकूर, खाली बटाटा कोरून उठवलेला शिक्का, लाल मेणखडू मोठ्या माणसानी वितळवून टाकलेला थेंब. दस्तक नसलेल्या जहाजाला पाणी नाही असा नियम केला की मुलं ते पोथीसारखं जपतात. सर, तुम्हाला मोडी येत असेल तर नमुना तुम्हीच लिहून द्या ना, प्लीज. आम्ही झेरॉक्स काढू.

याच पत्राबरोबर अजून एका बाईंनी विचारलंय की गंज-इ-सवाईची लूटच नाट्यरूपात करावी का. मी नाही म्हणीन. हजवरून परत येणारे प्रवासी होते त्यात, त्यांच्यावर, विशेषतः बायकांवर भयंकर अत्याचार झाले, तो मुलांचा खेळ नाही. त्याच्या पुढची गोष्ट घ्या : औरंगजेब चिडला, इंग्रजांच्या वखारी बंद झाल्या, सुरतेतले इंग्रज कैदेत गेले, एव्हरीवर आधी ५०० आणि नंतर १००० पौंडांचं बक्षीस लागलं, आणि तरी तो कोणाला सापडला नाही. बक्षिसाचे कागद झाडांना लावा आणि पोरांना एव्हरी शोधायला सोडा.

प्रश्न : नकाशाच्या कडा मेणबत्तीवर जाळल्या तर छान दिसतात, पण आई नाही म्हणते. (इयत्ता सातवी, अलकापुरी)

उत्तर : आई बरोबर आहे. कडा हातानी फाडायच्या, कात्री नाही, आणि फाटलेल्या कडेवर तपकिरी वॉटरकलर ओल्या ब्रशनी लावायचा, जळल्यासारखीच दिसते. कागद भिजवायला कोमट काळा चहा, दूध घातलेला नको, वास मारतो. ओला असताना मधेच चहापत्तीचे कण टाकून ठेव, वाळल्यावर झटक, डाग राहतात. आणि एक गंमत, चाचे खजिना पुरायचे कमीच, मिळालं की वाटून घेऊन उडवायचे. कॅप्टन किड या चाच्यानी मात्र १६९९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर खरंच थोडा पुरला होता, आणि त्याची सगळ्यात मोठी लूट म्हणजे सुरतेला निघालेलं जहाज! तुझ्या नकाशात सुरत दाखव.

प्रश्न : खजिन्यातली नाणी चॉकलेटची ठेवली तर उन्हात वितळतात. दुसरं काय? (कारेलीबाग)

उत्तर : लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याच्या चकत्या कापा, साधारण ३८ मिलिमीटर, कारण आठ रियालचं स्पॅनिश नाणं तेवढंच, वजन २७ ग्रॅमच्या आसपास. गोल अगदी गोल कापू नका, तेव्हाची बरीच नाणी हातोड्यानी पाडलेली, वेडीवाकडीच असायची. चकतीवर फेविकॉलनी जाड दोरा चिकटवून चिन्ह काढा, वाळलं की वरून पोळ्या गुंडाळायचा फॉईल आणि बोटानी घासत जा, दोरा वर उठून येतो. मग काळं बूटपॉलिश फासायचं आणि कापडानी पुसायचं. सगळीच स्पॅनिश नकोत, थोडी अरबी अक्षरांची पण करा, कारण अमेरिकेत ऱ्होड आयलंडला २०१४ मध्ये १६९३ चं येमेनचं चांदीचं नाणं सापडलं आणि ते एव्हरीच्या लुटीतलं असावं असं शोधणाऱ्याचं म्हणणं आहे. दागिने मंगळ बाजारातले ऑक्सिडाइज्डचे, नवरात्र संपल्यावर उरलेले स्वस्तात मिळतात.

आता भराभर.

ग्लू गननी चिकटवलेलं सगळं गाडीत सुटून आलं असं तिघांनी लिहिलंय : बंद गाडी उन्हात तापते आणि तो ग्लू मऊ पडतो, जिथे जोर येतो तिथे चप्पलवाल्याचं सोल्युशन नाहीतर सुतळीनी बांधा.

कंदिलात मेणबत्ती नको, बारदान आणि काथ्या पटकन पेट घेतात, सेलवाले दिवे टाका आणि आतून पिवळा जिलेटीन कागद लावा.

कॅम्पचं वेळापत्रक कोणी पाळत नाही असं एका काकांनी कळवळून लिहिलंय : काका, शिट्टी फेकून द्या, पितळी घंटा टांगा. जहाजावर दर अर्ध्या तासाला घंटा व्हायची, पहिल्या अर्ध्या तासाला एक टोल, मग दोन, असं करत चार तासांनी आठ टोल झाले की पाळी बदलायची. पोरांच्या पाळ्या लावा, भांडी घासायला आठ टोलाला कोण, ते आधीच फळ्यावर लिहून ठेवा.