महिला प्रो गोल्फर माझ्यापेक्षा लांब ड्राइव्ह कशा मारतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मी रोज व्यायाम करणारा पस्तिशीतला पुरुष, हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा, कमी तितका चांगला) पंधराच्या आसपास, तरी माझा ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) २१०-२२० यार्डांवर अडतो. आणि एलपीजीएच्या (महिला व्यावसायिकांच्या अमेरिकन टूरच्या) सडपातळ मुली सहज २५० ओलांडतात, हे कसं? लांब दांड्याचा ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) घेतला तर फरक पडेल का?

मुद्द्याचं आधी सांगते. त्या तुमच्यापेक्षा जोरात मारत नाहीत. तुमचा आणि त्यांचा स्विंगचा वेग जवळपास सारखाच असतो. ट्रॅकमॅन रडारने मोजलेल्या सरासरीत एलपीजीएच्या खेळाडूंच्या ड्रायव्हरचा वेग ताशी ९४ मैल भरतो आणि तुमच्या हँडिकॅपच्या हौशी पुरुषाचा ९३. फरक पडतो तो पुढे. त्यांचा चेंडू ताशी १४० मैलांनी सुटतो, हौशी पुरुषाचा १३३ च्या आसपास. एवढ्याच वेगातून सात मैल जास्त! पीजीए या पुरुषांच्या टूरचे खेळाडू ११३ मैल आणि त्याहून जास्त वेगाने ड्रायव्हर फिरवतात. तो वेग आपल्या आवाक्यातला नाही, म्हणून त्यांची नक्कल करण्यात फारसा अर्थही नाही. शिकायचं असेल तर एलपीजीए बघा, हे मी आमच्या क्लबातल्या पुरुषमंडळींना कायम सांगत असते.

हे सात मैल जातात कुठे? ड्रायव्हरच्या तोंडावर. चेंडू अगदी मधोमध बसला तर तो क्लबच्या वेगाच्या साधारण दीडपट वेगाने सुटतो, आणि क्लबवर नियमांची मर्यादा असल्यामुळे त्याच्या फार वर कोणी जाऊ शकत नाही. या मुली जवळपास प्रत्येक वेळी त्या दीडपटीला टेकलेल्या असतात, हौशी पुरुषाची सरासरी १.४२ च्या आगेमागे राहते. क्रिकेट खेळला असाल तर हे हाताला माहीत असेल: बॅटच्या मध्यावर बसलेला फटका आणि टोकाला लागलेला, दोन्हींत ताकद तीच असते.

हे स्वतः बघायचं असेल तर सोपी युक्ती आहे. मी बडोद्याला लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या मैदानावर खेळते. तिथे एका सकाळी आम्ही व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर जाड ठिपका काढला आणि तो ठिपका क्लबकडे करून चेंडू टीवर (चेंडू ठेवायच्या खुंटीवर) ठेवला. फटका मारला की शाई ड्रायव्हरच्या तोंडावर उमटते. आमच्यातले एक काका चांगले धिप्पाड, मारतातही जीव ओतून. त्यांचे ठसे क्लबच्या टोकापासून दांड्याकडच्या हीलपर्यंत पसरलेले, दोन तर पार खालच्या कडेला. नंतर तिथेच सराव करणाऱ्या एका शाळकरी मुलीला मारायला सांगितलं. तिचे सगळे ठसे दोन रुपयांच्या नाण्याखाली झाकले गेले असते. तिचा चेंडू काकांच्या पुढे जाऊन थांबला तेव्हा आमचा कॅडी (क्लबची पिशवी उचलणारा मदतनीस) एवढंच म्हणाला, "जुओ काका, जोर नथी, टाइमिंग छे." मला तरी याहून नेमकं उत्तर सुचत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल फार कमी लोक बोलतात. एलपीजीएच्या खेळाडूंचा ड्रायव्हर चेंडूला लागतो तेव्हा तो सुमारे तीन अंशांनी वर चढत असतो. हौशी पुरुषाचा सरासरी दीड अंशाने खाली येत असतो. चेंडू हवेत सुटण्याचा कोन दोघांचा जवळपास सारखा, तेराच्या आसपास. पण खाली येणाऱ्या फटक्यात स्पिन (चेंडूची गिरकी) वाढतो: एलपीजीएच्या मुलींचा मिनिटाला २६०० फेरे, हौशींचा ३२०० च्या वर. जास्त स्पिनचा चेंडू वर वर चढत राहतो, दम संपला की उभा कोसळतो आणि पडल्या जागी थांबतो. कमी स्पिनचा चेंडू तिरका उतरतो आणि पुढे पळतो. एप्रिल-मे महिन्यात आमची जमीन वाळून कडक होते तेव्हा हा रोल डोळ्यांना दिसतो. पावसाळ्यात मात्र दोघांचेही चेंडू चिखलात रुततात.

म्हणूनच टीव्हीवरचा आकडा वाचताना कॅरी (चेंडू हवेतून जातो तेवढंच अंतर) आणि एकूण अंतर वेगळं धरा. त्यांची कॅरी २२० यार्डांच्या आसपास असते, रोल धरून टूरची सरासरी २५० ते २६० मध्ये पडते. शिवाय टूरवर हे अंतर रोज साधारण दोनच होलवर मोजतात, शक्यतो उलटसुलट दिशांच्या, म्हणजे वाऱ्याचा फायदा-तोटा फिटतो. चेंडू रफमध्ये (कडेच्या उंच गवतात) गेला तरी तो धरला जातो.

वर चढता फटका मारायला ताकद लागत नाही, मांडणी लागते. चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत (उजव्या हाताने खेळत असाल तर), टी इतकी उंच की अर्धा चेंडू ड्रायव्हरच्या वरच्या कडेच्या वर दिसावा, आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली. मग खाली येताना कंबर आधी वळू द्या, हात मागून येतील. या मुलींची पाठ बॅकस्विंगमध्ये लक्ष्याकडे पूर्ण वळलेली असते. व्यायामशाळेत छाती आणि दंड फुगवणाऱ्यांना नेमकं तेच अवघड जातं, म्हणून व्यायामात कंबर आणि खांदे मोकळे करायला वेळ द्या.

अंतराचं वेड मात्र डोक्यात जाऊ देऊ नका. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक साठ जणींमध्ये सगळ्यात कमी अंतर मारणाऱ्यांपैकी होती, तरी चौथी आली. एका फटक्याने पदक हुकलं. तिचे पट (होलजवळचे हलके फटके) बघताना मी टीव्हीसमोरून हलले नव्हते. मो मार्टिन टूरवर कमी लांबीच्या, पण अचूक ड्राइव्हसाठी ओळखली जायची. २०१४ साली इंग्लंडमधल्या रॉयल बर्कडेल मैदानावर शेवटच्या होलवर ईगल (ठरल्यापेक्षा दोन फटके कमी) मारून तिने महिलांची ब्रिटिश ओपन जिंकली.

आता ड्रायव्हरचं. दांडा लांब झाला की वेग थोडा वाढतो, पण ठसे आणखी पसरतात. व्यावसायिक टूरवरही ४६ इंचांची मर्यादा लावता येते, आणि बहुतेक जण त्याहून आखूडच वापरतात. तुम्ही उलट करून बघा: आहे तो ड्रायव्हर इंचभर खाली धरा आणि मार्करचा ठसा तपासा. ठसे मध्यावर जमायला लागले की मगच दुकानात जा आणि लाँच मॉनिटरवर (फटका मोजणाऱ्या यंत्रावर) स्पिन मोजून घ्या. तो अजून ३००० च्या वर असेल तर ड्रायव्हरचे पैसे तूर्त एखाद्या चांगल्या कोचच्या शिकवणीला द्या.